दोन घरं

दौलतराव मास्तरांनी दोन बोटं वर केली, आणि ती वर गेल्यावर मग त्यांना कळलं की आपण दोन बोटं वर केली आहेत. चेंडू तोवर निवडुंगाच्या कुंपणापलीकडे जाऊन पडलाही होता. तो कसा गेला हे त्यांनी नीट पाहिलं होतं. भाऊसिंगानं फळी फिरवली, सुकं लाकूड तडकावं तसा आवाज झाला, आणि चेंडू मुरमाच्या मैदानावरून चढत चढत, जमिनीला कुठंही न शिवता, कुंपणापेक्षा चांगला पुरुषभर उंचावरून पलीकडे उतरला. असल्या फटक्याला काय म्हणायचं हे मैदानावरच्या लहानातल्या लहान पोराला ठाऊक होतं. तो शब्द दौलतरावांच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण मधेच त्यांचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा खांद्यातून उचलला गेला आणि दोन बोटं उभी राहिली. दोन घरं. म्हणजे चेंडू आधी मैदानात टप्पा खाऊन मग कुंपणापलीकडे गेला. म्हणजे भाऊसिंगानं दुसऱ्या घरावर थांबायचं, पहिल्या घरावरच्या गड्यानं तिसऱ्यावर, आणि गावच्या पोरांना एकही धाव नाही. बोटांना वारा लागत होता. पौषातला कोरडा, चार वाजताचा वारा. हात खाली घ्यावा असं त्यांना वाटलं. पण आता तो खाली घेतला तर लोकांना दिसेल, असंही वाटलं. काय दिसेल ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"टप्पा नाई पडला, मास्तर!" गावच्या संघातला देवला ओरडत धावत आला. "घरपोच हाय! आख्ख्या दुनियेनं पाह्यलं!"

"पंच कोन हाय? तू का मी?"

"पन मास्तर..."

"टप्पा पडला. दोन घरं."

मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले पाद्रीसाहेब अर्धवट उठले. उन्हं त्यांच्या समोरून येत होती. त्यांनी कपाळावर हाताचा आडोसा धरला. शेजारी नागपूरहून आलेले व्यायामशिक्षक गुडघ्यावर वही ठेवून बसले होते. "मास्टर," साहेबांनी त्यांच्या पुस्तकी मराठीत विचारलं, "आपण स्वच्छ पाहिला?" दौलतराव म्हणाले, "पाहिला साहेब. टप्पा पडला." साहेब खाली बसले. नागपूरच्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं. भाऊसिंग एव्हाना तिसरं घर ओलांडून हसत शेवटच्या घराकडे येत होता. त्याला थांबवून सांगावं लागलं. तो थांबला. कुंपणाकडे वळून पाहिलं, मग दौलतरावांकडे. पंधरा वर्षांचं ते काटक पोरगं; कपाळावर घाम, त्यावर मुरमाची धूळ. "मास्तरनं पाह्यलं ना?" तो देवलाला म्हणाला. "मंग झालं." आणि उलटा चालत जाऊन दुसऱ्या घरावर उभा राहिला. पुढचा गडी पहिल्याच दणक्यात बाद झाला, आणि मिशनच्या बोर्डिंगची पोरं एका धावेनं जिंकली.

एकोणीसशे पस्तीस साल संपून चार दिवस झाले होते. बेसबॉल नावाचा हा खेळ पाद्रीसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी अमेरिकेहून एका ट्रंकेतून वाशीमला आणला होता : दोन फळ्या, सहा चेंडू, चामड्याचे हातमोजे आणि नियमांचं एक पातळ पुस्तक. त्या पुस्तकाचं मराठी दौलतरावांनीच केलं. मैदानावरच्या चार ठिकाणांना काय म्हणावं यावर त्यांनी आठवडा घालवला, आणि शेवटी लिहिलं, 'घर'. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर, आणि जिथून निघाला तिथंच धावून परत आला की एक धाव. चेंडू जमिनीला न लागता कुंपणापलीकडे गेला तर खेळणारा चारी घरं फिरून सुखरूप परत, आडवायची कुणाची टाप नाही. त्याला पोरांनीच नाव दिलं 'घरपोच'. टप्पा खाऊन गेला तर मात्र दोनच घरं. मोठ्या कागदावर टाकानं लिहिलेले ते नियम शाळेच्या भिंतीवर टांगले होते, खाली 'भाषांतर : दौ. ज.' अशी बारीक सही. किन्हीराजाच्या शेतकऱ्याच्या घरातून शिकून मास्तर झालेल्या माणसाला ती दोन अक्षरं फार मोठी वाटत. जाता-येता ते सहीकडे न पाहिल्यासारखं करून पाहत. आज मैदानावरून परतताना त्या भिंतीसमोरून जावं लागू नये म्हणून ते मागच्या दारानं गेले.

आणि तरीही घरी जायला पाय उचलेना. कारण खेळ संपायच्या आधी एक गोष्ट घडली होती. कुंपणापलीकडून कुणीतरी चेंडू परत फेकला. तो त्यांच्या पायाशी येऊन थांबला. त्यांनी उचलला. एका बाजूला ओला काळा चिखल लागला होता, आणि तो कुणीतरी कापडानं अर्धवट पुसला होता. एवढ्या कोरड्या दिवसांत ओला चिखल कुंपणापलीकडे एकाच जागी असे : मास्तरांच्या खोल्यांमागच्या विहिरीवर, कपडे धुवायच्या धोंड्याजवळ. आणि शनिवारी चारच्या सुमारास त्या धोंड्यावर कोण असते हे सांगायला कुणाची गरज नव्हती. प्रयागबाई. त्यांची बायको. चेंडू तिच्यासमोर आकाशातून उतरला होता. ज्या एका माणसापासून हे लपायला हवं होतं, नेमकं त्याच्याच पुढ्यात.

भाऊसिंग त्यांच्या घरी राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरचं बंजाऱ्याचं पोर. शिकायची हौस, पण बोर्डिंगात ठेवलं तर पोरगं बाटेल अशी त्याच्या बापाला, हेमसिंगाला धास्ती. साहेब म्हणाले, "मास्टर, आपल्या ओसरीवर जागा आहे." होती. दौलतरावांना मूलबाळ नव्हतं. दोन झाली होती, दोन्ही सव्वा महिना न पाहता गेली. त्याला दहा वर्षं होत आली होती. प्रयागबाई तेव्हापासून कमी बोलत असे. भांडण नाही, तक्रार नाही. नुसती एखाद्या खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीला ठेवावी तशी ती झाली होती. दौलतरावांना त्याची सवय झाली होती. ही बाई अशीच, असं ते धरून चालले होते. पहिले दोन महिने तिनं पोराला ओसरीवरच, वरून वाढलं. मग श्रावणात त्याला ताप आला. ओसरीवर पावसाचे शिंतोडे येत होते. एका सकाळी दौलतराव उठून पाहतात तर पोरगं आत, चुलीजवळ, तिच्या स्वतःच्या वाकळीत. "लोक काय म्हनतीन?" त्यांनी विचारलं. "लोकं काय ताप उतरवाले येऊन राह्यले?" ती म्हणाली. एवढं लांब वाक्य तिनं किती दिवसांनी बोललं होतं! त्यानंतर पोरगं ओसरीवर परत गेलं नाही. किन्हीराजाहून भाऊबंद आले की नाकं मुरडत, जातीपातीचं बोलत. त्या वेळी दौलतराव पोराची बाजू घेऊन भांडत, आणि भांडताना त्यांना फार बरं वाटे. कारण आपल्या मनात जे आहे ते हे नव्हे, एवढं तरी त्यांना खात्रीनं ठाऊक होतं.

मनात होतं ते दुसरंच. एकदा शाळेतून लवकर सुटून ते घरी आले. दाराशी वहाणा काढत असताना आतून हसण्याचा आवाज आला. बाईचं हसणं, खोल, घशातून येणारं, मधेच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. शेजारची कुणी आली असावी असं त्यांना वाटलं. मग पोराचा आवाज, मग पुन्हा ते हसणं, आणि त्यांना कळलं की ही प्रयागबाई आहे. चौदा वर्षांच्या संसारात हे हसणं त्यांनी ऐकलंच नव्हतं. लग्नानंतरच्या वर्षातही नाही. ते एक वहाण हातात घेऊन तसेच उभे राहिले. आत गेले तेव्हा हसणं थांबलं. थांबवलं नव्हतं कुणी, आपोआप थांबलं, आणि तेच अधिक लागलं. तेव्हापासून ते मोजू लागले. त्याच्या भाकरीवर तुपाची किती बोटं, आपल्या भाकरीवर किती. तो उशिरा आला की ती किती वेळा दाराकडे बघते; आपण उशिरा आलो की किती वेळा. हे मोजणं हलकट आहे हे कळत होतं, आणि कळूनही चाललेलं होतं. पोरगं तिला 'याडी' म्हणत असे. त्याच्या भाषेतलं काहीतरी बाई-मावशीसारखं असेल असं त्यांनी समजून घेतलं होतं. एकदा बाजारात खेमा नावाचा बंजारा गाडीवान भेटला, सहज विचारलं, "खेमा, याडी म्हंजे काय रे?" खेमा म्हणाला, "माय, मास्तर. याडी म्हंजे माय." त्या दिवशी घ्यायची भाजी न घेताच ते घरी परतले. प्रयागबाईला अर्थ माहीत होता का? माहीत असणारच. माहीत असून महिनोन्‌महिने ती त्या हाकेला ओ देत होती, आणि नवऱ्याला एकदाही बोलली नव्हती.

आणि म्हणूनच आजचं त्यांना स्वतःलाच उलगडत नव्हतं. नागपूरला एका शाळेच्या वसतिगृहात गेल्या महिन्यात एक जागा रिकामी झाली होती. राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, सगळं फुकट. पण मुलगा खेळात पुढे हवा. साहेबांनी भाऊसिंगाबद्दल लिहिलं, हा पोरगा चेंडू कुंपणापलीकडे टोलवतो. ते पाहायला तो व्यायामशिक्षक आला होता. खेळ संपल्यावर तो साहेबांना म्हणालाही, "मुलगा बरा आहे, पण टप्प्याशिवाय कुंपण काही ओलांडलं नाही. आठ दिवस जागा धरून ठेवतो. मग दुसऱ्याला देईन." म्हणजे दौलतरावांनी खरं ते सांगितलं असतं तर पोरगं घरातून गेलं असतं! दीड वर्ष ज्याची मनातल्या मनात वाट पाहिली ते आपल्या पायांनी चालून आलं होतं, आणि त्यांच्या हातानं ते परतवलं. का? मत्सरालाही काही हिशोब असायला हवा. पण त्या क्षणी, चेंडू आकाशात असताना, त्यांना नागपूर दिसलंच नव्हतं. दिसलं होतं ते एवढंच, की सगळं मैदान मान वर करून पाहत आहे, आणि हे पोर आज घरी जाऊन तिला सांगेल, आणि ती हसेल.

दिवेलागणीला ते घरी आले. भाऊसिंग मैदानावरचं सामान आवरायला थांबला होता. प्रयागबाई चुलीपुढे होती. ते पाटावर बसले. आता ती बोलेल, या अपेक्षेनं त्यांचे कान तापले होते. खोटारडे म्हणेल. म्हणो.

"चेंडू माह्या समोर पडला," ती चुलीकडे पाहत म्हणाली. "धोंड्याजवय. वरून, सरका आला. टप्पा-बिप्पा काई नाई."

त्यांनी समोरचा तांब्या जवळ ओढला.

"म्या कोनाले सांगत नाई." तिनं लाकूड पुढे सारलं. मग वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरलेले होते. "आठ दिवस झाले, मले झोप नाई. नागपूरले जाईन, मंग कायचा येते तो? म्या तुमाले काई म्हनलं नाई. पन तुमी माह्या मनातलं वयखलं. पोरांच्या समोर खोटं बोलले, माह्यासाठी. मले वाटे, ह्या मानसाचं माह्याकडे ध्यानच नाई."

दौलतरावांनी तोंड उघडलं. तसं नाही, एवढेच शब्द म्हणायचे होते. प्रयागबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच हातानं, ओल्या बोटांनी, त्यांच्या मनगटाला धरलं. क्षणभरच. ज्या हाताची बोटं वर गेली होती त्याच हाताचं मनगट. तोंड तसंच मिटलं गेलं.

मग जे दोन दिवस आले तसे त्यांनी कधी अनुभवले नव्हते. प्रयागबाई त्यांच्याशी बोलू लागली. विहिरीला पाणी किती उतरलं, शेजारच्या रंगूबाईची गाय कशी अडली, किन्हीराजाच्या शेतात तूर कशी आहे. सोमवारी सकाळी शाळेत जाताना तिनं त्यांच्या कोटाचं तुटलेलं बटण पाहिलं आणि दातानं दोरा तोडत तिथंच, उभ्या उभ्या, लावून दिलं. तिचा श्वास त्यांच्या गळ्याला लागला. चाळिशीला टेकलेला माणूस शाळेत पोरांना भागाकार शिकवताना त्या जागेला बोट लावून पाहत होता. आपण खोट्याचं खातो आहोत हे त्यांना कळत होतं. पण भुकेल्या माणसानं ताट कुणाचं हे विचारू नये, असं ते स्वतःला सांगत. आदल्या दिवशी, रविवारी तर ते तिघं एकत्र जेवायला बसले आणि भाऊसिंगानं काहीतरी सांगितलं, आणि ती हसली; आणि हसता हसता तिनं दौलतरावांकडेही पाहिलं. त्यांनाही हसू आलं. पोरगं आज आपल्याला सलत नाही, हे ध्यानात येऊन ते चकित झाले.

त्याच सोमवारी दुपारी भाऊसिंग दोन दिवसांसाठी तांड्यावर गेला; काकाच्या घरी कार्य होतं. त्या संध्याकाळी दौलतराव मुद्दाम लवकर घरी आले. आता घरात दोघंच. त्यांनी तुरीचा विषय काढला. प्रयागबाई "हूं" म्हणाली. विहिरीचा काढला. ती उठून दाराशी गेली, रस्त्याकडे पाहिलं, परत आली. भाकरी वाढताना तिचं लक्ष नव्हतं, मीठ राहिलं. मंगळवारीही तेच. कुलूप, किल्ली, कनवटी. बुधवारी सकाळी पोरगं धुळीनं माखून आलं, आणि प्रयागबाई पुन्हा बोलू लागली, दौलतरावांशीसुद्धा. तेव्हा त्यांना लख्ख दिसलं. तिच्या प्रेमाचा जो भाग त्यांच्या वाट्याला येत होता तो पोराच्या ताटातला होता. पोरगं असेल तर ते. नसेल तर तेही नाही. यापेक्षा ती बोललीच नसती तर बरं होतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर भाऊसिंग वर्गात मागे राहिला. सगळी पोरं गेल्यावर म्हणाला, "मास्तर, फळ्यावर काई लिहा ना. बारीक. मी मांगून वाचतो."

"काहून?"

"पाहाचं हाय." तो पार मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "त्या दिवशी मले तर चेंडू सरका कुंपनापार गेलेला दिसला. टप्पा मले दिसलाच नाई. देवला म्हनते तुहं बरोबर हाय. पन तुमी त जवळून पाह्यलं. माह्या डोयात काई खोट असन, नाई? आमच्या तांड्यावर एक मानूस हाय, त्याले असंच दिसेनासं झालं. आधी दुरून, मंग जवळून."

दौलतरावांनी खडू उचलला. काय लिहावं ते सुचेना. त्यांनी बारीक अक्षरात वाशीम लिहिलं, रिसोड लिहिलं. पोरानं दोन्ही वाचलं. "अजून बारीक लिहा," तो म्हणाला. त्यांनी लिहिलं. तेही त्यानं वाचलं. पण चेहऱ्यावरची शंका गेली नाही. उलट तो जवळ येऊन त्या अक्षरांकडे रोखून पाहू लागला, जणू बरोबर वाचलेल्या शब्दांतही काही फसवणूक असावी. मैदानावरही दोन दिवसांत त्याचे तीन चेंडू चुकले. फळी फिरवायच्या आधी तो क्षणभर थांबत होता, डोळे बारीक करून. दौलतराव त्या थांबण्याकडे पाहत. ते थांबणं त्यांनी त्याला दिलं होतं.

शुक्रवारी ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. आठवा दिवस रविवारी संपत होता. साहेब व्हरांड्यात हातमोज्याची शिवण पुन्हा घालत बसले होते.

"साहेब, त्या दिवशी टप्पा पडला नव्हता. घरपोच होता."

साहेबांची सुई थांबली. "आता आपल्याला खात्री झाली?"

"खात्री तेव्हाही होती."

साहेबांनी हातमोजा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "का, असे मी विचारीन तर आपण सांगाल?"

"नाही सांगता येणार."

"मग नका सांगू. पण मुलांना सांगा. आणि यापुढे पंच मी होईन." ते उठले, आतून तारेचा कागद घेऊन आले, आणि लिहिता लिहिता मान न उचलता म्हणाले, "इथवर येणे सोपे नव्हते, मास्टर. देव धैर्य पाहतो." ते वाक्य दौलतरावांना चटका बसावा तसं लागलं. धैर्य? येताना वाटभर ते स्वतःला विचारत होते, आपण पोराच्या डोळ्यांसाठी चाललो आहोत की घर रिकामं करायला. एका पावलाला एक उत्तर येई, दुसऱ्या पावलाला दुसरं. बंगल्याच्या पायऱ्या चढताना एवढंच ठरलं होतं की उत्तर कुठलंही असो, सांगायचं ते सारखंच आहे.

संध्याकाळी मैदानावर दोन्ही संघ उभे होते. दौलतराव मधोमध जाऊन उभे राहिले. "मांगच्या शनिवारी म्या खोटं सांगतलं," ते म्हणाले. "भाऊसिंगाचा चेंडू घरपोच होता. म्या पाह्यला होता." पोरं एकमेकांकडे पाहू लागली. देवलानं मात्र असं पाहिलं, की यापुढे हा पोरगा आपल्याला नमस्कार करील पण मान देणार नाही, हे त्यांना कळलं. भाऊसिंग पुढे आला. रागावेल, रडेल, विचारील, कशालाही ते तयार होते. पोराचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हंजे माहे डोये बरोबर हायेत!" तो म्हणाला, आणि मोठ्यानं हसला, देवलाच्या पाठीत धपका घालून पुन्हा हसला. त्यानं का म्हणून विचारलंच नाही. त्याला मास्तर त्यात दिसलेच नव्हते.

शनिवारी नागपूरची तार आली. सोमवारच्या गाडीनं मुलगा पाठवा. प्रयागबाई भाकरी थापत होती. दौलतरावांनी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. "कवा?" तिनं विचारलं. "सोमवारी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. बोलायचं ते पोरामार्फत : मास्तरले म्हना, पानी काढून ठेवलं. रविवारभर ती तीळ भाजत होती, गूळ किसत होती. मंगळवारी संक्रांत होती, आणि पोरगं त्या दिवशी घरी नसणार.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. प्रयागबाईच्या हातात कापडात बांधलेलं तिळाच्या लाडवांचं पुडकं होतं. फलाटावर पोचतात तोच भाऊसिंग धावत सुटला. पलीकडे लिंबाखाली हेमसिंग उभा होता, आणि त्याच्याजवळ आरशांची ओढणी घेतलेली एक उंच बाई जमिनीवर बसली होती. कमलीबाई, त्याची आई. साहेबांचा निरोप मिळताच दोघं तांड्यावरून रातोरात चालत आली होती. पोरगं जाऊन थेट तिच्यापुढे फतकल मारून बसलं. तिनं पदराआडून बाटली काढली आणि त्याच्या डोक्यावर तेल ओतून दोन्ही हातांनी चोळू लागली. चोळता चोळता त्याच्या तोंडात काहीतरी भरवत होती, आणि दोघं भराभर बोलत होती, त्यांच्या भाषेत, एकमेकांचं वाक्य अर्ध्यात तोडत, हसत. पोरगं इतकं बोलतं हे दौलतरावांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी प्रयागबाईकडे पाहिलं. ती पाच पावलांवर थांबली होती. एक शब्दही तिला कळत नव्हता. मान किंचित पुढे, ओठ घट्ट, डोळे त्या तेलाच्या हातांवर. त्या हातांच्या फेऱ्या मोजत असल्यासारखे. तो चेहरा दौलतरावांना ओळखीचा वाटला. आरशात पाहिलेला नव्हता, पण आतून त्यांनी तो दीड वर्ष चेहऱ्यावर वागवला होता. कुठं ओढ बसते, कुठं दुखतं, सगळं ठाऊक होतं. आता आपल्याला आनंद होईल असं त्यांना वाटलं. झाला नाही. ते दोन पावलं पुढे सरकले आणि तिच्या नि बाकीच्या फलाटाच्या मधे उभे राहिले, तिचा चेहरा कुणाला दिसू नये अशा बेतानं.

गाडी आली. भाऊसिंगानं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. प्रयागबाईच्या पायाशी तो जरा जास्त वेळ वाकला. तिनं त्याच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला. पुडकं द्यायचं राहिलं, की तिनं दिलं नाही, हे दौलतरावांना कळलं नाही. डब्याच्या खिडकीत कमलीबाईनं दिलेलं गाठोडं मांडीवर घेऊन तो बसला होता. गाडी हलली.

घरच्या वाटेवर ती पुढे आणि ते मागे चालत होते. नाल्यापाशी ती थांबली. वळली नाही.

"एक इचारू? खरं सांगसान?"

"सांगीन."

"साहेबाले जाऊन सांगतलं ते त्याचं भलं व्हावं म्हून, का त्याले घरातून काढाचं होतं म्हून?"

समोर नाल्याच्या काठावर बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. एक शेळी त्या वेचून खात होती. ते शेळीकडे पाहत राहिले. "काढाचंच होतं," ते म्हणाले. "भल्याचंबी थोडं असन. पन काढाचं होतं."

"आन ते दोन बोटं? ते तरी माह्यासाठी होते का?"

"नाई. त्याच्यावर मनातून जयत होतो म्हून."

आता ती वळली. "लेकरावर?"

त्यांनी मान हलवली. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. किळस येईल, थुंकेल, असं त्यांना वाटलं. ती काठावरच्या दगडावर बसली. मग स्वतःशी बोलावं तसं बोलली. "त्याची माय तेल लावून राह्यली होती ना, तवा माह्या मनात आलं, इले रस्त्यात काई काहून नाई झालं. पाय काहून नाई मोडला इचा." तिनं तोंडावरून हात फिरवला. "सख्खी माय ते. अन मी असं म्हनलं मनात."

"मले दिसलं," दौलतराव म्हणाले. "असं होते."

"तुमाले असंच होये?"

"रोज."

ती सरकली. दगडावर जागा झाली तशी ते बसले. स्टेशनाकडून कापसाच्या रिकाम्या गाड्या परतत होत्या. त्यांची धूळ दोघांच्या अंगावरून गेली. प्रयागबाईनं मांडीवरच्या पुडक्याची गाठ सोडली. एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. लाडू कडक झाले होते. दोघं चावत राहिले.

"गूळ कमी पडला," दौलतराव म्हणाले.

"त्याले कमीच लागते." तिनं बोटांना चिकटलेले तीळ झटकले. मग पुडक्याची गाठ पुन्हा बांधत म्हणाली, "उद्या वाढवीन."